वाणातली साडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही अर्धंच माहीत होतं. तर ऐका — मी एकदा एका सरळ माणसाला लाच दिली, त्याने ती परत केली, आणि मला वाटलं, कमी पडली.

हसा. मीही हसते त्या बाईला. चाळिशीची, हिंदी मुलखात माधव नगरात राहणारी, स्वतःला भारी हुशार समजणारी. समोरचा गोड बोलला की तिला वाटे, ह्याला काहीतरी हवंय. तुटक बोलला की वाटे, ह्याला जास्त हवंय. दूधवाल्याने एखाद्या दिवशी दाट दूध घातलं, तरी ती महिन्याचा हिशेब पुन्हा तपासायची.

देशात आता सगळं खुलं होतंय, असं पेपरात रोज येई. आमचा टेलिफोनचा अर्ज मात्र कित्येक वर्षं पडून होता. लेक बडोद्याला दिलेली, तिला दिवस गेलेले. बोलायचं तर पीसीओच्या रांगेत उभं राहायचं. अशात टेलिफोन खात्यातले दिघेसाहेब आमच्याच गल्लीत राहायला आले. हे जाऊन भेटले. साहेब म्हणाले, नंबर लागला की फोन येईल. एवढं साधं वाक्य — आणि मी चार दिवस त्याचा अर्थ लावत बसले.

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. सगळ्यांना वाण म्हणून स्टीलची वाटी, आणि दिघ्यांच्या बायकोला, सुषमाला, वाटीखाली महेश्वरी साडी. वाण नाकारायचं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो मुहूर्त धरला. कुंकू लावता लावता लाच — हे डोकं मी दुसऱ्या कशाला लावलं असतं तर?

दुसऱ्या दिवशी ती साडी घेऊन आली. वाटी ठेवते काकू, साडी ह्यांना चालायची नाही, म्हणाली. तिचं ‘काकू’ही मला खुपलं. आणि मनात आलं, बघ, आता रोख मागतील.

कुणी काही मागितलं नाही. उन्हाळ्याआधी फोन आला. ह्यांनी ऑफिसात विचारलं, तर आमची पाळीच आली होती. मला त्याच दिवशी कळलं सगळं. नेमक्या त्याच संध्याकाळी शेजारच्या शर्माभाभींनी विचारलं, “क्या दिया, भाभी?”

काय सांगणार होते? काहीच नाही? दिल्याशिवाय इथे पानही हलत नाही, हे गल्लीभर मीच तर सांगत फिरले होते. मी आधी हसले. मग म्हणाले, “देना तो पड़ता है.”

एवढंच. नाव घेतलं नाही — म्हणजे खोटं नव्हे, अशी समजूत घातली स्वतःची. मग लोक दिघ्यांकडे पाकिटं घेऊन जाऊ लागले. ज्याचं परत आलं तो बाहेर सांगे, दुसऱ्याकडून मोठं घेतलं असणार. पुढे निनावी तक्रार झाली. चौकशीला दोन माणसं आली, आमच्याच बैठकीत बसली. दिघ्यांनी तुमच्याकडून काही घेतलं का, असं सरळ विचारलं. नाही, परत केलं, असं म्हटलं की झालं. पण मग विचारतील ना — दिलं कुणी होतं? क्रोशाच्या रुमालाखाली तो फोन बसलेला. मी म्हणाले, “मुझे क्या मालूम.”

भ्रष्टाचाराचं मूळ कुठे आहे म्हणून समित्या बसतात, असं वाचते. मला शंका येते — एखादी तरी समिती कधी कुणाच्या हळदीकुंकवाला गेली असेल का?

सिद्ध काहीच झालं नाही, तरी बदली झाली, पार तिकडे आडगावात. देवास गेटच्या बस स्टँडवर बस सुटायच्या आधी मी पोळीभाजीचा डबा घेऊन गेले. सुषमाने डबा हातात घेतला नाही. ती म्हणाली, “काकू, पुढच्या गावी कुणी काही दिलं, तर मी ठेवून घेणार आहे. ह्यांना सांगणारही नाही. न घेऊन काय झालं, ते तुम्हाला माहीतच आहे.”