कापशीच्या कानावरचा डाग

डॉक्टरीणबाईंनी आमच्या कुत्रीचा, कापशीचा, कान उजेडाकडं धरला आणि विचारलं, "हा डाग कुणी दिला?"

"म्या," सासरे म्हणाले. "मेंढराला देतो तसाच. गाठ आली की तापवून लाल केलेला विळा टेकवायचा."

त्या रागावल्या नाहीत. "बाबा, वरचं कातडं जळालं, खालची गाठ तशीच राहिली. हा कॅन्सर आहे."

सुईनं काढलेल्या नमुन्याचा रिपोर्ट आला होता. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर. कापशीसारख्या पांढऱ्या कुत्र्यांना उन्हानंही होतो.

दुष्काळात मेंढरं विकून आम्ही बायपासपलीकडं राहायला आलो. राखायला काही उरलं नाही, म्हणून कापशी टँकरच्या रांगेत माझ्या हंड्याशी बसायची. प्लॉट पाडताना झाडं गेलेली. सावली नव्हतीच.

डॉक्टरीणबाईंनी क्रायोथेरपी सांगितली, म्हणजे गाठ गोठवून मारायची. कापाकापी नाही, त्याच दिवशी घरी. गाठ बारीक असती तर तेवढ्यानं भागलं असतं. आता कॅन्सर गळ्याच्या गाठीत उतरला होता. कान कापूनही ती वाचेल असं सांगता येत नव्हतं. गोठवलं तर कानाची आग तेवढी कमी होणार होती.

सासरे माझ्याकडं बघू लागले. मला परक्यांपुढं बोलता येत नाही. तरी भिंतीकडं बघत मीच म्हणाले, "तिचं दुखणं कमी करा, बाई."

कान बधिर केला. नळीतून पांढरी वाफ निघाली.

"ह्यो बी डागच की," सासरे पुटपुटले.

"व्हय बाबा, पण गारठ्याचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कान आधी सुजला, मग काळी खपली धरली. खपली पडल्यावर कापशी त्या कुशीवर झोपू लागली. भाकरी खाऊ लागली. मला वाटलं, डॉक्टरीणबाई चुकल्या असतील. पण गळ्याची गाठ वाढतच गेली. शेवटी पाणीही गिळेना. तिनं माझ्या मांडीवर जीव सोडला.

तुमच्या जनावराला गाठ दिसली तर बारीक असतानाच दाखवा. लाजू नका, हे मी मलाही सांगते.

परवा लासूरकडचे एक पाव्हणे कुत्रं घेऊन आले. "तात्या, गाठ आलीया. डाग द्या."

सासऱ्यांनी कुत्र्याची मान हळूच चाचपली. आढ्याला खोचलेला विळा तिथंच राहिला.

"आधी डॉक्टरीणबाईकडनं सुई लावून ये," ते म्हणाले. "वाट माझ्या सुनंला ठावी हाय."

मी डोक्यावर पदर घेतला आणि पुढं निघाले.