ज्ञानूचं स्थळ आणि पाच ग्लास

माणूस एरवी कितीही शहाणा असो, त्याच्या हातात लांब दांडीचा ग्लास दिला की तो काहीतरी बोलतोच! नाशिकजवळच्या एका वायनरीत मी अकरा वर्षं टेस्टिंग काउंटरला उभी आहे. पाहुण्यांना बाग दाखवायची, टाक्या दाखवायच्या आणि शेवटी पाच वाइन चाखवायच्या, हे आमचं काम. दुपारी मी, मॅनेजर जोशीसर आणि चांदवडकडचा ज्ञानू एकत्र डबा खातो आणि जमलेले किस्से एकमेकांना वाढतो. भाजी कमी पडते, किस्से नाही.

ज्ञानूकडे तर स्पेशल स्टॉक असतो, मोडलेल्या स्थळांचा. पोरगा बत्तीस वर्षांचा, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण "वायनरीत कामाला" म्हटलं की मुलीकडचे चहा अर्धा ठेवून उठतात.

*

मागच्या हिवाळ्यात पुण्याचे एक काका आले. पहिली वाइन ओतली, तर त्यांनी पिशवीतून स्टीलची बाटली काढली आणि ग्लास तिच्यात रिकामा केला. दुसरी आली, तसंच. लाल, पांढरी, गुलाबी, सगळं एकाच बाटलीत!

"काका, अशी चव नाही कळणार हो."

"तिकीट मी काढलंय ना? मग घरी जाऊन निवांत टेस्ट करतो. मंडळींनाही चाखवायचीय."

जाताना बाटली कानाशी धरून हलवली आणि म्हणाले, "हिचं नाव काय सांगू घरी?"

जोशीसर म्हणाले, "पंचामृत!"

*

ग्लास गोल फिरवायचा, वास घ्यायचा आणि कसला वास येतोय ते सांगायचं, अशी आमची पद्धत. पुस्तकात लिची, ढोबळी मिरची असं काय काय लिहिलेलं आहे. मुंबईची पोरं मोबाइलवर बघून तेच सांगतात.

एकदा कळवणकडचे शेतकरी सहल घेऊन आले. त्यातल्या एका बाबांनी ग्लासात नाक घातलं ते काढेचनात. मी म्हटलं, "काय बाबा, लिची का?"

"लिची नाय पोरी. ही द्राक्षं आठ दिस उशिरा काढली तुम्ही. मजूर मिळाला नाय वाटतं?"

मला हसू आलं. पण आमचे वाइन बनवणारे साहेब मागेच उभे होते, ते काही हसले नाहीत. बाबा गेल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्यांना हे कोणी सांगितलं?"

*

फेब्रुवारीत आमच्याकडे द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम असतो. मोठ्या लाकडी टपात द्राक्षं टाकायची, पाहुण्यांनी पाय धुऊन आत उतरायचं आणि नाचायचं. डीजे वगैरे एकदम जोरात.

एकदा इंदिरानगरचा भिशीचा ग्रुप आला, बारा बायका. पहिल्या काकू उतरल्या. द्राक्षांना पाय लागला तशी त्यांनी सवयीने वाकून नमस्कार केला. अन्नाला पाय लागला की करतोच ना आपण! दुसरं पाऊल, पुन्हा नमस्कार. मागून उतरलेल्या अकरा जणींनी तेच सुरू केलं. अर्ध्या तासात चार द्राक्षं फुटली असतील नसतील.

जोशीसरांनी डीजे बंद करायला लावला. म्हणाले, "ताई, त्यांना बाहेर घ्या आणि प्रदक्षिणा घालू द्या. तेवढाच वेळ वाचेल."

*

आता ज्ञानू. निफाडला मुलगी बघायला गेला. पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काम काय असतं?"

हा सरळ माणूस! म्हणाला, "पाहुण्यांना वाइन पाजतो."

"आणि स्वतः कधी घेता? ड्यूटीच्या आधी का नंतर?"

झालं. मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायच्या आतच स्थळ मोडलं.

*

पुढचं स्थळ सिन्नरचं. तिथे मुलीचे मामा पुढारी होते. त्यांनी खडसावलं, "असल्या धंद्यात आम्ही पोरगी देत नसतो. आधी नोकरी सोडा, मग बघू."

ज्ञानू मान खाली घालून बाहेर आला. चपला घालतोय तेवढ्यात मामा मागून आले, इकडेतिकडे बघितलं आणि कानाशी लागले, "स्टाफला डिस्काउंट असतो का हो?"

आम्ही डबा खाताना पोट धरून हसलो. ज्ञानूही हसला, पण त्याने पोळी परत डब्यात ठेवली. आईने फोनवर बजावलं होतं, "आता अजून एक मोडलं तर ती नोकरी सोडायची आन् घरी कांद्यात यायचं. मला लय ऐकून घ्यावं लागतं गावात." या पोराला काम जिवापाड आवडतं. एकेका बाटलीबद्दल असा बोलतो की ऐकत राहावं. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

*

मग आले देवळाली कॅम्पचे सोनवणे. रिटायर्ड हेडक्लार्क. मुलीला ज्ञानू फोटोवरूनच पसंत होता, अडलं होतं ते वडिलांपाशी. रविवारी सकाळी न कळवता तिघं वायनरीत हजर! सोनवणे, त्यांच्या मिसेस आणि मुलगी.

"पोरगा नक्की करतो काय ते डोळ्यांनी बघायचंय," सोनवणे म्हणाले. "आमच्या घरात थेंब चालत नाही, आधीच सांगून ठेवतो."

ज्ञानू पुसलेलाच ग्लास पुन्हा पुसायला लागला. मी त्याला कोपराने ढोसलं, "रोजच्यासारखं कर."

त्याने बाग दाखवली, टाक्या दाखवल्या, काउंटरवर आणलं. पहिला ग्लास सोनवण्यांनी लांब सरकवला. दुसऱ्याला म्हणाले, "वास घ्यायला काय हरकत आहे?" तिसऱ्याला, "नुसती जिभेला लावतो." चौथा कधी संपला ते आम्हाला दिसलंच नाही. मग त्यांनी पहिला ग्लास परत जवळ ओढला. "हिच्यावर अन्याय नको!"

मिसेस सोनवणे मात्र ग्लासाला हात लावत नव्हत्या. त्या फक्त बघत होत्या, एकदा नवऱ्याकडे, एकदा ज्ञानूकडे.

पाचव्या वाइनची नवी बाटली फोडायची होती. ज्ञानूने ती उघडली, थोडी आपल्या ग्लासात घेतली, तोंडात टाकली, चूळ भरल्यासारखी फिरवली आणि बाजूच्या बादलीत थुंकून टाकली.

"खराब निघाली का?" मिसेस सोनवण्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"नाही काकू, मस्त आहे. पाहुण्यांना द्यायच्या आधी प्रत्येक बाटली बघावी लागते."

"मग थुंकलात कशाला?"

"गिळत गेलो तर दुपारी पाहुण्यांशी काय बोलणार?"

"रोज असंच?"

"रोज. सहा वर्षं झाली."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते ग्लास तिरका करून तळाचा थेंब ओठांवर उतरवत होते. काकूंनी पर्स खांद्याला लावली आणि लेकीला म्हणाल्या,

"मला पोरगा पसंत आहे. तोंडात आलेली रोज थुंकतो! तुझ्या बाबांना स्वतःच्या वरातीतसुद्धा जमलं नव्हतं."