उशिरा पाळलेला हुकूम

माझ्या बायकोच्या मामांइतकं ताठ चालणारं माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत दुसरं नव्हतं. मी कचेरीत आकडे मांडणारा माणूस, वाढवून सांगायची मला सवय नाही. पण उचगावच्या चिखलातल्या बांधावरूनही मामा असे चालत, जणू समोर लाटसाहेब उभा आहे. जर्मनच्या लढाईत पलटणीबरोबर इराकात बसऱ्याकडे असताना तोफेचा गोळा शेजारी फुटला आणि त्यांचे दोन्ही कान गेले. हे मात्र ते चारचौघांत कबूल करत नसत. कानामागे हात धरणं त्यांना कमीपणाचं वाटे. समोरच्याचे ओठ बघून ते फटाफट उत्तरं देत. मिशाळ माणूस भेटला की पंचाईत व्हायची. मग नुसती भारदस्त मान हलवत. संकेश्वरच्या बाजारात एका झुपकेदार मिशीच्या दलालापुढं अशी मान हलवली आणि संध्याकाळी म्हैस दारात आली. मामी तिला शेवटपर्यंत ‘पलटणीची म्हस’ म्हणायच्या.

या ऐटीपायीच त्यांचं जायबंदी पेन्शन अडलं होतं. तपासणीचा डॉक्टर गोरा, दाढीमिशी सफाचट. मामांनी प्रत्येक प्रश्नाला खणखणीत ‘जी साब’ दिलं आणि कान ठीक असल्याचा शेरा पडला. एवढ्याशा शेतावर घर चालत नव्हतं, म्हणून अपील मी लिहिलं. निघताना मामी म्हणाल्या, “जावईबापू, ह्या खेपेला तरी ह्यास्नी बहिरं व्हायला सांगा.”

अपिलाला बेळगावच्या लष्करी दवाखान्यात डॉक्टर नवा होता, पण मिशी त्यालाही नव्हती. मामांनी पुन्हा सगळी उत्तरं दिली. मी आशा सोडली. डॉक्टर मात्र हुशार निघाला. त्यानं मामांना मैदानात नेलं, समोर उभं राहून ‘क्विक मार्च’ दिला आणि मामा त्याला ओलांडून पुढं गेल्यावर पाठीमागून ‘हॉल्ट’ म्हणाला. मामा चालत राहिले. तो पुन्हा ओरडला. मामा मैदान ओलांडून फाटकाबाहेर पडले आणि बैलगाड्या चुकवत उचगावच्या रस्त्याला लागले. डॉक्टर हसला नाही. अपील मंजूर करतो, म्हणाला.

टांगा करून मी मामांना गाठलं आणि पुढं उभं राहून आनंदाची बातमी दिली, कशी मिळाली तेही सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

“साहेब हॉल्ट म्हणाला व्हता?”

“दोनदा.” खोटं बोलणं मला जमत नाही.

“आन् म्या तसाच चालत ऱ्हायलो?”

ते माघारी वळले. कागदावर अजून सही नाही, आता जाऊन थांबलात तर कान आहेत म्हणतील, असं मी परोपरीनं समजावलं.

“न्हाय मिळालं तर न्हाय, जावईबापू. आजवर येक हुकूम मोडला न्हाय म्या.”

डॉक्टरसमोर जाऊन त्यांनी असे पाय आपटले, की व्हरांड्यात धूळ उडाली. सलाम ठोकून म्हणाले, “हुकूम पुरा केला, साब. उशीर झाला.”

डॉक्टर खुर्चीतून उठला. त्यानं उलट सलाम केला आणि मग बसून सही केली. कचेरीत मी पुष्कळ सह्या पाहिल्या. तिच्याएवढा अभिमान मला दुसऱ्या कुठल्याच सहीचा वाटला नाही.

आता मामा नाहीत. उचगावच्या रस्त्याला अधूनमधून पुढं एखादी ताठ पाठ दिसते. मामांना मागून हाक मारून उपयोग नसे, पळत पुढं जाऊन समोर उभं राहावं लागे. त्या सवयीनं मी आजही झपाझप पुढं जातो आणि वळून पाहतो. दुसराच कुणीतरी असतो.