दिवा निवेपर्यंत

अकोल्यातल्या आमच्या मोटारखान्यात गाडी पुसता पुसता वडील गेले. आईने तिथेच दिवा लावला. वडिलांनी गाडी रंगवायला आधी बोलावून ठेवलेला रंगारी दुसऱ्या दिवशी जठारपेठेतून आला. दिवा पाहून त्याने रंगाचा डबा दूर अंगणात ठेवला.

"दिवा आत नेते," आई म्हणाली.

"नका नेऊ, माय. त्यायचा जीव इथंच गेला. दिव्यापाशी रंग पेट घेते, तं रंगच थांबन."

सुतक फिटेपर्यंत तो मान कलती करून ओल्या झाव्याने जुना रंग घासत राहिला. त्या आवाजावर आईला दुपारची झोप लागू लागली.

दिवा निवल्यावर त्याने दारे उघडली, नाकाला फडके बांधले. कुंचल्याला आवाज नव्हता. त्या दुपारी आई दारात येऊन बसली.

"मागं बसा, माय," तो हळूच म्हणाला. "वास लागन."