खेमसिंगचा कान

कापसाने ज्या वर्षी सगळ्या घाटंजी तालुक्याला रडवलं, त्याच वर्षी आमच्या जिनिंगच्या मालकाने, नानाजीने, नवी हायब्रीड गाडी घेतली. मला त्या गाडीचा पहिल्या दिवसापासून राग होता आणि नानाजीचा त्याच्याही आधीपासून. मी जिनिंगचा पिकअप चालवायचो. गाडी चालवायला दिली खेमसिंगला.

खेमसिंग तांड्यावरचा, साठीला टेकलेला. तीस वर्षं ट्रक आणि जीप चालवल्या, एकीचाही स्पीडचा काटा चालू नव्हता. त्यामुळे तो कानाने गाडी चालवायचा. इंजिन कण्हायला लागलं की सत्तर, दार वाजायला लागलं की ऐंशी. त्याचा अंदाज कधी चुकला नाही. दारूच्या थेंबालाही तो कधी शिवला नाही. एवढं सरळ माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि त्याचं वाटोळं व्हायला एक चांगली गाडी पुरली.

गाडी चांगलीच होती, नाही कशाला म्हणू? गावात लोण्यासारखी चालायची, पेट्रोल नावाला प्यायची. पण पाय उचलला की इंजिन बंद, आणि काच लावली की बाहेरचं जग बंद. आठवडाभरात खेमसिंगने माझ्यासमोर मालकाला स्पष्ट सांगितलं, “मालक, गावात ही गाडी लय चांगली. हायवेवर मले हिची स्पीड समजत नाही. नागपूरले दुसरा ड्रायव्हर न्या.”

नानाजी हसला. शोरूमवाल्याने म्हणे सांगितलं होतं, दीडशेला पोटातलं पाणी हलत नाही. त्याला तेच खरं वाटलं. ऐकू येत नसेल तर मीटर बघ म्हणाला, आणि पाहुण्यांसमोर खेमसिंगला ‘बैलगाडीचा ड्रायव्हर’ म्हणाला. खेमसिंग फडकं घेऊन गाडीची काच पुसू लागला. मला मात्र त्या हसण्याची चीड आली.

दिवाळीनंतर नागपूरहून परत येत होतो. तिथे ट्रकमधून कापसाच्या गाठी उतरवायच्या कामाला मला सोबत नेलं होतं, म्हणून मी खेमसिंगच्या शेजारी. मागे नानाजी पट्टा न लावता आडवा झालेला, मधूनच ‘दाब, दाब’ करत होता. वर्धा मागे पडलं तेव्हा आकडा एकशे तीसवर होता आणि आत देवघरासारखी शांतता. कळंब आलं. नानाजीला एकदम चिंतामणीचं दर्शन आठवलं, वळव म्हणाला. खेमसिंगने पाय उचलला. इंजिन बंद झालं. त्याच्या कानाला वाटलं, गाडी थंडावली. त्याने सर्व्हिस रोडला वळण घेतलं ते नव्वदच्या वेगात. जड गाडी बाहेर फेकली गेली आणि कठड्यावर आदळली.

आम्ही दोघं खरचटलो. नानाजीचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

दवाखान्यात खेमसिंग त्याच्यासमोर हात जोडून म्हणाला, चूक माझी, कानाने दगा दिला. तिथेच विषय संपला असता. पण स्वतःचा हट्ट नडला हे नानाजीला कसं पचणार? भेटायला आलेल्यांना तो सांगू लागला, तांड्यावरचा माणूस, प्यालेला होता. मग माझ्याकडे वळून विचारलं, वास येत होता ना?

मी खाली बघत म्हटलं, “असन.”

पंधरा दिवसांत घाटंजीत खेमसिंगच्या हातात कोणी सायकलसुद्धा देईना. आठवडी बाजारात त्याने मला गाठलं. बाजूला चहाच्या टपरीवर सगळे ड्रायव्हर उभे होते.

“धर्मपाल, तू बाजूले बसून होता. माह्या तोंडाले वास होता काय?”

“नव्हता,” मी म्हटलं.

“मंग तिकडं येऊन एवढंच सांग. माह्या पोरीची सोयरीक अडून राह्यली.”

दुरुस्त होऊन आलेली गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. तिची चावी आता माझ्या खिशात होती. मालक वाट पाहून राह्यले, असं मी त्याला म्हटलं आणि गाडीत जाऊन बसलो.