सुनेची रविवारची मीटिंग

माझी सून झेडपी शाळेत बाई आहे. रविवारी गच्चीवर बसून ती फोनवर, व्हिडिओ लावून, बाकीच्या शिक्षकांची मीटिंग घेते. परक्या पुरुषांशी बोलते म्हणून मुलगा धुमसत होता. भिल्लांच्या पोरांना त्यांच्या भिली बोलीतून बेरीज कशी शिकवायची हे ती मक्याचे दाणे मांडून सांगत असताना त्यानं सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. ओठ फाटला. मी त्याची कॉलर धरली.

"आबा, मन्ही बायको शे, तू मधमा ये नको!"

"आन हाई घर मन्हं शे!" म्हणत मी पाठीत काठी घातली. तो शिव्या देत खाली पळाला.

आता सून फोन बंद करील, असं वाटलं. पदरानं रक्त पुसून ती फोनमधल्या शिक्षकांकडे वळली.

"थांबलात का सर? हातचा घ्या."

मीटिंग संपेपर्यंत मी काठी घेऊन जिन्यात बसलो.