चाळीतली घट

ती घटना आठवली की आजही अस्वस्थ व्हायला होतं. नव्वदच्या दशकात मी सटाण्याकडे नवा फौजदार होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. विषय संख्याशास्त्र, पण ठाण्यात ते सांगायचा मला संकोच वाटे.

एका व्यापाऱ्याच्या कांदा साठवायच्या दोन चाळी होत्या, प्रत्येकीवर वेगळा राखणदार. त्यातल्या एकाने दुसऱ्याबद्दल खबर दिली, "साहेब, त्या म्हाताऱ्याच्या चाळीचं वजन बघा. कांदा गायब होतोय."

चाळी भरतानाच्या आणि रिकाम्या करतानाच्या वजनकाट्याच्या पावत्या पाहिल्या. म्हाताऱ्याच्या चाळीत शंभर किलोमागे पंचवीस किलो घट, खबर देणाऱ्याच्या चाळीत अठरा. मला तेवढं पुरलं. सकाळीच मी म्हाताऱ्याला ताब्यात घेतलं.

"कांदा कुठं विकला?"

"इकना नही साहेब. सुकना, सडना. चाळ भरीसन चार महिने झायात, मी काय करू?"

"सगळे असंच म्हणतात," हवालदार म्हणाले. "संध्याकाळी अटक दाखवू."

बाहेर बाकावर त्याची बायको बसून होती. पोलिसांनी नेलेल्या माणसाला पुन्हा कोण चाळ राखायला देणार?

चार महिने हे शब्द मला सोडेनात. दुसरी चाळ दीड महिन्यातच रिकामी झाली होती. मी गावात फिरून दहा शेतकऱ्यांकडून त्यांच्या चाळींचे दिवस आणि घट लिहून आणली. आलेखाच्या कागदावर आडवे दिवस, उभी घट. दहा ठिपके, त्यांच्यामधून जाणारी एक सरळ रेषा गणिताने काढली.

हवालदार हसले. "साहेब, चोर पकडायचाय का पेपर सोडवायचाय?"

रेषेनुसार चार महिन्यांना साधारण चोवीस किलो घट यायला हवी होती. म्हातारा रेषेला लागूनच होता. दीड महिन्याला मात्र नऊच किलो निघत होती.

खबर देणाऱ्यालाच बोलावलं. "दीड महिन्यात अठरा किलो कशी?"

"माझ्या चाळीला दिवसभर ऊन लागतं, साहेब."

पंच घेऊन गेलो. चाळीवर चिंचेची दाट सावली होती. तो चिंचेकडे बघत राहिला, मग खाली बसला. "पिकअपवाल्याला दिल्या गोण्या. माझ्यावर येऊ नये म्हणून म्हाताऱ्याचं नाव सांगितलं," म्हणाला. उरलेल्या गोण्या त्याच्या मेव्हण्याच्या गोठ्यात मिळाल्या. पंचनामा झाला.

रेषा हा पुरावा नव्हे, हे मला तेव्हाही माहीत होतं. एखाद्या वर्षी पाऊस जास्त झाला तर निर्दोष माणसाचा ठिपकाही दूर पडेल. ती फक्त कुणाला काय विचारायचं ते सांगते. पण आकडा मोठा आहे की लहान, हे तो किती असायला हवा होता ते कळल्याशिवाय ठरत नाही. हे मी परीक्षेत लिहून आलो होतो.

संध्याकाळी म्हाताऱ्याला सोडलं. मी माफी मागितली. त्याने बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि चालू लागला. रेषा काढायला मला तासभर लागला होता. तो माणूस नऊ तास आत होता, आणि त्याला आत मीच बसवलं होतं.